आत्याचा अडकित्ता

बुधवारी संध्याकाळी अलका बरकतपुऱ्याच्या घरी पोचली तेव्हा दाराशी परक्या चपला सांडल्या होत्या आणि आत हशा चालू होता. उशीर झाला होता खरा, पण तिच्यावाचून गाडं पुढे सरकणार नाही हे तिला ठाऊक होतं. उदगीरकरांच्या घरात मुलीच्या लग्नाची सुपारी भटजी फोडत नाही की बाप फोडत नाही. ती मुलीची आत्या फोडते. रेणूला आत्या एकच, आणि ती काखेत काळ्या कोटाची पिशवी मारून पायऱ्या चढत होती.

दिवस चांगला गेला होता, त्यामुळे ती खुशीत होती. तीन आठवडे विशाखापट्टणमला एका खटल्यात अडकून पडल्यामुळे रेणूच्या लग्नाच्या बोलण्यांना तिला हजर राहता आलं नव्हतं. मुलगा तेवढा तिने पाहिला होता. गौतम त्याचं नाव. अमीरपेटेत कम्प्युटर शिकता शिकता दोघांचं जमलं होतं. मुलगा कमी बोलायचा आणि विचारलं तर खरं बोलायचा, म्हणून तिला आवडला होता. वडील लहानपणीच गेले होते, मामांनी वाढवलं होतं. मामा काय करतात असं तिने भावाला फोनवर विचारलं तेव्हा मुकुंदराव म्हणाला होता, "बांधकामं आहेत त्यांची. मोठा माणूस आहे."

आत पाऊल टाकलं आणि तो मोठा माणूस तिला दिसला. लोडाला टेकून, मांडीवर बशी घेऊन तो जयवंतावहिनीच्या हातचा चुरमुऱ्यांचा सुशीला खात होता.

एकनाथराव हदगावकर. तिच्या खटल्यातला आरोपी नंबर एक.

"या, या, वकीलसाहिबा," तो म्हणाला. "तुमचीच वाट पाहायलोत. आता आपण व्याही होणार म्हणल्यावर कोर्टातलं कोर्टात ठेवू, काय?"

बैठकीतली मंडळी हसली. गौतमची आई सावित्रीबाई हसली नाही. ती पदराशी चाळा करत खाली पाहत होती. अलकाने भावाकडे पाहिलं. मुकुंदरावाने चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला आणि तरी त्याला बहीण नीट दिसेना.

"अलके, हे गौतमचे मोठे मामा," तो म्हणाला.

"ओळख आहे आमची," अलका म्हणाली. "दादा, जरा आत ये."

लोकांना अलकाची नोकरी कधी धड कळली नाही. ती आयकर खात्याची विशेष सरकारी वकील होती. कर बुडवला तर वसूल करणं, दंड लावणं हे खात्याच्या साहेबांचं काम. पण ज्यांनी जाणूनबुजून खोटं लिहून दिलं आणि त्याखाली हे सर्व सत्य आहे अशी सही केली, त्यांना नामपल्लीच्या फौजदारी कोर्टात उभं करून तुरुंगापर्यंत पोचवणं हे अलकाचं काम. लग्नामुंजीत भेटणारा प्रत्येक जण तिला समजावत असे, टॅक्सचीच केस ना, भरून टाकले की मिटलं. भरल्याने खोटी सही खरी होत नाही, हे सांगून सांगून तिचं तोंड दुखलं होतं. हल्ली तर ती सांगतही नसे.

स्वयंपाकघरात शिऱ्याचा वास सुटला होता. जयवंतावहिनी कढईत उलथनं फिरवत होती आणि कान मात्र मागे लावून होती.

"तुला माहीत होतं," अलका म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"दादा, मी दिवसभर खोटं बोलणाऱ्यांच्या समोर उभी असते. तू त्या मानानं फार कच्चा आहेस."

मुकुंदरावाने फळीवरचा पेला उचलला आणि पाणी न घेताच खाली ठेवला. "हौ, माहीत होतं. सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? मोडलंच असतंस ना? पोरीनं पोरगा निवडला. पोरगा हिऱ्यासारखा आहे. मामाच्या पापाची फेड त्यानं कायको करायची?"

"पोराला मी काही बोलले का? मला का लपवलंस ते सांग. आणि आजचाच दिवस कुणी धरला?"

"त्यांनीच."

"उद्या काय आहे माहितीये तुला?"

"गुरुवार," मुकुंदराव म्हणाला.

"उद्या गंगूची साक्ष आहे."

गंगूचं नाव या घराला ठाऊक होतं. एकनाथरावाच्या घरी भांडी घासून आणि पोळ्या लाटून तिची उमर गेली होती. मालकांनी अंगठा मागितला की ती द्यायची. मालक कुठे दुष्ट नव्हते, दिवाळीला साडी द्यायचे. नवरा मेला तेव्हा ती विधवेच्या पेन्शनचा अर्ज घेऊन सरकारी ऑफिसात गेली. तिथल्या कारकुनाने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सांगितलं की तुला पेन्शन कसली, शहरातल्या दोन फंक्शन हॉलची तू मालकीण आहेस, इन्कमटॅक्स भरतेस. गंगूला आधी वाटलं साहेब चेष्टा करायलेत. एकनाथरावाची कमाई तिच्या नावावर आणि टॅक्सच्या कागदांवर तिचा अंगठा, असा तो मामला होता. पहिल्यांदा अलकासमोर बसली तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "दो हॉलां मेरे हैं बोलते अम्मा. मेरेकू एक शादी में भी खाने कू नै बुलाए."

त्या वाक्यावर अलकाने हा खटला मनाला लावून घेतला. वकिलाने मनाला लावून घेऊ नये म्हणतात. म्हणोत.

"मी केस सोडली तर नवा वकील नेमायला सरकारला वर्ष लागेल," ती म्हणाली. "तोवर गंगूला गावाकडं धाडतील, नाहीतर तिच्या पोराला नोकरी देतील. मग ती कोर्टात म्हणेल, हौ, हॉल माझेच आहेत. खटला तिथंच बसला."

"मग बसू दे की," मुकुंदराव उसळून म्हणाला. "जग कुठं चाललंय आणि तू काय उगाळायलीस? सरकारच यंदा स्कीम काढून सांगायलंय, दाबलेला पैसा दाखवा, टॅक्स भरा, आम्ही विचारणार नाही. लोक रांगा लावून शुद्ध व्हायलेत. माझं बघ. कोठीच्या दुकानात शाळेची गाईडं विकून दिवस जात नाहीत आता. वरच्या माळ्यावर कम्प्युटर क्लास काढावा म्हणतो. एकनाथराव मदत करायला तयार आहेत. तुझ्यासारखी मी पेन्शनीची नोकरी करत नाही."

"म्हणजे क्लासही ठरलाय."

"तू काय पहिल्यांदा सोडायलीस का? मावसभावाच्या भागीदाराची केस तूच सोडलीस ना, नातं लागतं म्हणून? गल्लीभर तुझं कौतुक झालं. तसंच आता समज. रेणूची सुपारी फुटली की नातं झालं. तू नियमानं बाजूला. कुणी बोट दाखवणार नाही."

दोन वर्षांपूर्वी ती केस अलकाने खरंच सोडली होती. खात्याने सांगायच्या आधी स्वतः पत्र दिलं होतं, आणि घरी येऊन सांगितलंही होतं, थोडं मिरवत. नातं आलं की वकिलाने उठायचं, हा तिचा शिरस्ता घरच्यांखेरीज फारसा कुणाला माहीत नव्हता.

"दादा, हे त्याला कुणी सांगितलं?"

मुकुंदरावाने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, शेजाऱ्यांची पाण्याची टाकी होती. "दुकानात येऊन बसायचे ते. बोलता बोलता निघालं. मी सहज बोललो."

सहज. सख्ख्या भावाने बहिणीच्या सरळपणाला दोर बांधून तो आरोपीच्या हातात दिला होता, आणि तो दिल्यावर चहाही मागवला असेल. अलकाला राग आला. लहानपणी ती शाळेतून मार खाऊन आली की हाच दादा दप्तर टाकून भांडायला धावायचा. तो माणूस कुठे गेला हे तिला विचारायचं होतं.

वहिनीने गॅस बंद केला. "अलकावन्सं," ती हलकेच म्हणाली, "मी तुमच्या पाया पडते. माझी एकुलती लेक आहे. बाहेर माणसं बसलीत. तुमची केस दुसरा कुणीतरी चालवील, पोरीचं स्थळ दुसरं कुठून आणू?"

जयवंतावहिनीचं आणि तिचं कधी फारसं जमलं नव्हतं. वरच्या खोलीत राहणारी अविवाहित नणंद, सकाळी कोट घालून निघणारी, तिचा डबा आपण का भरायचा हा वहिनीचा जुना प्रश्न होता. डबा मात्र रोज भरला जाई.

"वहिनी, स्थळ मोडायचं म्हणत नाहीये मी," अलका म्हणाली. "चला बाहेर."

बैठकीत रेणू येऊन बसली होती. मोतिया रंगाची साडी, आणि चेहऱ्यावर न लपणारा आनंद. समोर चांदीच्या तबकात हळदकुंकू लावलेली सुपारी, नारळ, विड्याची पानं आणि पितळी अडकित्ता. तो अडकित्ता पाहिला आणि रेणूच्या बारशाला आपणच तिच्या कानात नाव सांगितल्याचं अलकाला आठवलं. कुर्रर्र करून पाठीवर धपाधप बुक्के बसले होते तिला, आणि सगळ्यात जोराचा दादाचा होता.

ती रेणूशेजारी बसली. "एकनाथराव, मला मुलगा पसंत आहे," तिने सुरुवात केली. "मुलीला पसंत आहे. मी आनंदानं सुपारी फोडीन. फक्त आज नाही, परवा फोडीन. शुक्रवारी संध्याकाळी अशीच मंडळी जमवू. जेवण माझ्याकडून."

एकनाथरावाने बशी खाली ठेवली. तो उंच, देखणा माणूस होता. पांढरे केस मागे वळवलेले, बोटात पुष्कराज. त्याला राग यायचा नाही, निदान चारचौघांत तरी नाही.

"शुभ कामाला परवा कशाला?"

"उद्या मला कोर्टात काम आहे."

"मला पण आहे की," तो म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला. मग तो पुढे सरकला आणि आवाज मऊ करून म्हणाला, "बाईसाहेब, मोकळं बोलू का? माझा गुन्हा एवढाच, की माझ्यावर धाड लवकर पडली. यंदापर्यंत थांबले असते तर मीही स्कीममधे नाव घातलं असतं, टॅक्स भरला असता. सरकारनं मला सर्टिफिकेट दिलं असतं आणि तुम्ही मला लग्नाला बोलावलं असतं. कॅलेंडर चुकलं म्हणून माणूस चोर होतो का?"

पटण्यासारखं बोलायची हातोटी त्याच्यापाशी होती. दोघातिघांनी माना डोलावल्या. मुकुंदरावाची मान सगळ्यात आधी हलली.

"त्या स्कीममधे पैसा दाखवता येतो," अलका म्हणाली. "गंगूचा अंगठा परत देता येत नाही. तिची पेन्शन अजून अडकलेली आहे, एकनाथराव. तुम्ही सुटायच्या गोष्टी करताय, आणि ती म्हातारी अजून कागदावर तुमच्या हॉलची मालकीण आहे."

"तिला मी उपाशी ठेवलं नाही."

"असं तुम्ही कोर्टात सांगा. मी विचारणारच आहे."

कुणीतरी खोकलं. सावित्रीबाईने पदर तोंडाला लावला. रेणूचा हात अलकाच्या मनगटावर आला. "आत्या, काय चाललंय?" तिने विचारलं. "कोणती केस?"

तिला खरोखरच माहीत नव्हतं. आईबापांनी अळीमिळी गुपचिळी करून पोरीला बोहल्याच्या दिशेने चालवत नेलं होतं. अलकाने तिला तिथेच, सगळ्यांसमोर, सरळ सांगितलं. उद्या कुणाची साक्ष आहे, कुणाविरुद्ध आहे, आणि आज सुपारी फुटली तर आत्याला त्या खटल्यातून का उठावं लागेल. वकिलाचं तंत्र तिला येत होतं, चार वाक्यांत सांगून झालं. पाचवं वाक्य मात्र वकिलाचं नव्हतं. "तुझं लग्न व्हावं असं मला फार वाटतं, बाळा. पण मला हटवायला तुला वापरू देणार नाही."

"अय्यो, काय भलतंसलतं," एकनाथराव म्हणाला. "पोरीचं मन कलुषित करायलात. मुकुंदराव, आत्याबाईंना नसेल फोडायची तर राहू द्या. सुपारी कुणीही फोडली तरी सुपारीच. वहिनी, तुम्ही फोडा. नाहीतर मीच फोडतो, द्या इकडं."

आणि त्याने तबकातला अडकित्ता उचलला.

हदगावकरांकडे हा अडकित्ता म्हणजे सुपारी कातरायचं हत्यार असेल. उदगीरकरांकडे तसं नव्हतं. मुकुंदरावाच्या आजोबांनी निजामाच्या काळात थोरल्या लेकीचं लग्न परस्पर ठरवलं होतं. मुलाला फेपरं येतं हे मुलीच्या आत्याला ठाऊक होतं, पण तिला कुणी विचारलंच नाही. पोर वर्षाच्या आत माघारी आली आणि पुढे याच घरात म्हातारी होऊन गेली. तेव्हापासून उदगीरकरांची सुपारी आत्याच्या हातची. लोक त्याला मान म्हणत. घरातल्या बायकांना मात्र पक्कं माहीत होतं की तो मान नाही, नकार द्यायचा हक्क आहे, आणि आजवर तो कुणाला वापरायची वेळ आली नव्हती एवढंच.

"ठेवा तो खाली," जयवंतावहिनी म्हणाली.

सगळ्यांनी मागे पाहिलं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात शिऱ्याचं ताट घेऊन उभी होती.

"वहिनी, मी तर गमतीनं—"

"माझ्या चुलत नणंदांची सुपारी त्यांच्या आत्यानंच फोडलेली मी पाहिलीय. या घरात आत्याशिवाय सुपारी फुटत नाही. ठेवा म्हणते ना." ताट तिने खाली टेकवलं. "मला सांगा, शुक्रवारी काय वाईट आहे? पोरगी तीच, पोरगा तोच. आम्ही काही पळून जात नाही. मघाशी आत मीच वन्संच्या पाया पडत होते. पण दोन दिवस थांबायला माणसाचं एवढं काय जातं, ते मला कळंना."

एकनाथरावाने अडकित्ता ठेवला. "शुक्रवार चांगला नाही," तो म्हणाला. "आमच्या गुरुजींनी सांगितलंय."

रेणूने मान वर केली. आनंद चेहऱ्यावरून उतरला होता, पण ती रडत नव्हती. "गौतम," ती म्हणाली, "शुक्रवारी काय बिघडतं? तू सांग."

गौतम मामाशेजारी बसला होता. मामाने त्याला शिकवलं होतं, फी भरली होती, आजारपणात रात्री जागून काढल्या होत्या. तो मामाकडे पाहत राहिला. मग रेणूकडे पाहिलं.

"गौतम, उगी बस," एकनाथराव म्हणाला.

"मामा, तिनं मला विचारलंय," गौतम म्हणाला. "आज दुपारी मीच यांना नामपल्लीला सोडलं. वकिलांनी कोर्टात अर्ज लावलाय. त्यात मामांनी शपथेवर लिहून दिलंय की आज, बुधवारी, आमची सुपारी फुटली. म्हणून सरकारी वकील आता नातेवाईक आहेत, त्यांना केसमधून काढा. मी विचारलं, मामा, अजून तर झालं नाही. ते म्हणाले, संध्याकाळी होणारच आहे, उद्या ऐन वेळेला धावपळ नको."

खाली रस्त्यावर फुलवाला ओरडत गेला.

"म्हणजे," रेणू सावकाश म्हणाली, "माझं लग्न ठरल्याचं कोर्टाला माझ्याआधी कळलं."

अलकाला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. चार वर्षं ती या माणसाचे कागद वाचत होती. न घडलेलं घडलं म्हणून लिहायचं, दुसऱ्याच्या नावावर घालायचं आणि खाली शपथ वाहायची. आधी गंगू, आता रेणू. माणसाला सवय लागली की तो सोयरिकीतसुद्धा तीच करतो.

"उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग ऐकलं होतं बाई," जयवंतावहिनी म्हणाली. "इथं तर मामानंच बांधून घेतलं."

या वेळी कुणी हसलं नाही. एकनाथराव उठला. जाताना त्याने मुकुंदरावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुमच्या बहिणीनं आज तुमच्या लेकीचं घर मोडलं. लक्षात ठेवा. क्लासचं आपण नंतर बघू." सावित्रीबाई त्याच्या मागोमाग गेली. गौतम दाराशी थांबला, रेणूकडे पाहिलं आणि आईच्या चपला शोधून द्यायला वाकला.

मंडळी पांगली. शिरा तसाच गार झाला. मुकुंदराव लोडापाशी बसला होता, तिथेच बसून राहिला.

"झालं समाधान?" तो म्हणाला.

"दादा, त्यानं खोटी शपथ घेतली. तुझ्या लेकीच्या नावानं."

"मला कायदा शिकवू नको. तू वर राहतेस ना, आमच्या डोक्यावर, ते आता पुरे. बघ दुसरीकडं कुठं."

हे वाक्य या घरात कधी ना कधी येणार हे अलकाला बरीच वर्षं वाटत होतं. आलं तेव्हा लागलंच. "बघीन," ती म्हणाली. "पण उद्या नाही. उद्या मला काम आहे."

"आणि ही? हिनं काय करायचं?"

रेणूने तबकातली सुपारी उचलून मुठीत धरली होती. "मला विचारा की, बाबा," ती म्हणाली. "आज कुणीच मला विचारलं नाही. आत्यानं विचारलं नाही, पण सांगितलं तरी. तुम्ही तेही केलं नाही." मग ती अलकाकडे वळली. "तुझ्यावरही रागच आहे माझा. तरी तू उद्या गेली नाहीस तर तो जास्त होईल."

गुरुवारी सकाळी डबा भरलेला होता. मुकुंदराव कोठीचं दुकान रोजच्यापेक्षा लवकर उघडायचं म्हणून निघून गेला होता. अलका कोर्टात पोचली तेव्हा शेवटच्या बाकावर रेणू बसलेली होती, आणि तिच्याशेजारी चक्क जयवंतावहिनी. वहिनीने अलकाला खुणेने बोलावलं, पर्स किंचित उघडून आतली हळदकुंकवाची सुपारी दाखवली आणि कानात म्हणाली, "आणलीय. जज्जांनी मागितली तर असू द्या." दुसऱ्या बाजूच्या बाकावर गौतम एकटाच होता. मामाच्या माणसांत तो बसला नव्हता, आणि रेणूच्या शेजारीही नाही.

खटला पुकारला तसा एकनाथरावाचा वकील लगबगीने उठला. काल दिलेला अर्ज आपण मागे घेत आहोत, एवढंच त्याने सांगितलं आणि बसायला लागला. रात्रीत त्याला कुणीतरी उठवलं असणार.

"माझी हरकत आहे," अलका म्हणाली.

जज्जसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्हाला काढण्याचा अर्ज मागे घेतायत, मॅडम. त्याला तुमची हरकत?"

"हो, युअर ऑनर. न घडलेली गोष्ट घडली असं शपथेवर लिहून दिल्याबद्दलच हा खटला आहे. खटला चालू असताना आरोपीनं तेच पुन्हा केलंय, आणि या वेळी माझ्या भाचीच्या नावानं. तो कागद मागे घेऊ देऊ नये. तो रेकॉर्डवर राहावा." तिने सकाळी लिहिलेलं पत्र पुढे केलं. "काल संध्याकाळी माझ्या भावाच्या घरी काय झालं, ते सगळं यात आहे. प्रत आयकर आयुक्तांना दिली आहे. माझी भाची आणि आरोपीचा भाचा यांचं लग्न पुढे कदाचित होईलही. तेही लिहिलं आहे. मी या खटल्यात राहावं की नाही हे कोर्टानं ठरवावं. आरोपीनं ठरवू नये, आणि माझ्या घरच्यांनीही नाही."

जज्ज पत्र वाचत होते. पंखा फिरत होता. एकनाथराव आरोपीच्या जागेवर उभा होता आणि पुष्कराजाची अंगठी बोटात गोल गोल फिरवत होता. अलकाने मागे पाहिलं नाही. घर जाणार होतं, भाऊ गेलाच होता, पोरीचं काय होईल ते कळत नव्हतं. उठवलं तर उठू, पण आपण होऊन उठायचं नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

"अर्ज मागे घेता येणार नाही," जज्ज शेवटी म्हणाले. "त्यावर स्वतंत्र सुनावणी ठेवू. तुम्ही स्वतःहून सांगितलंत हे नोंदवून घेतोय. आजचं काम थांबणार नाही. साक्षीदाराला बोलवा."

शिपायाने दाराबाहेर जाऊन नाव पुकारलं. गंगू आली. धुऊन घडी केलेली साडी, डोक्यावर पदर. एवढे कोटवाले, एवढे बाक आणि समोर आपला मालक पाहून ती उंबऱ्यातच थबकली, आणि आयुष्यभर मोठ्या घरांच्या दाराशी वाकत आली तशी चपला काढायला खाली वाकली.

"नक्को, गंगूबाई," अलका जागेवरून म्हणाली. "चप्पलां पैनके आओ."